चार पायऱ्यांचे अंतर

आमच्या उपनगरात दरवर्षी हिवाळ्यात एक व्याख्यानमाला भरते. सभागृह जुने, जोते उंच आणि दर्शनी भागी चार पायऱ्या. या व्याख्यानमालेचे एक नित्याचे श्रोते म्हणजे आम्हाला शाळेत मराठी शिकवणारे सर. सत्तरी ओलांडल्यावर त्यांना अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली आणि घरात चाकाची खुर्ची आली. त्यानंतरच्या पहिल्याच वर्षी सर आले, तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या कार्यकर्त्यांनी त्यांना खुर्चीसकट अलगद उचलले आणि आत नेऊन ठेवले. चौघेही तरुण, अंगापिंडाने मजबूत आणि मनाने निर्मळ. प्रास्ताविकात संयोजकांनी या प्रसंगाचा कौतुकाने उल्लेख केला आणि सभागृहाने टाळ्याही वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्हीही होतो.

पुढच्या वर्षी सर आले नाहीत. प्रकृती बरी नसेल, असे वाटून आम्ही घरी गेलो. प्रकृती ठणठणीत होती. न येण्याचे कारण विचारले, तेव्हा सर नेहमीच्या मिस्कील स्वरात म्हणाले, ‘‘अरे, चौघांनी उचलण्याची वेळ माणसावर एकदाच यायची असते. तिची रंगीत तालीम दरवर्षी कशाला?’’

आम्ही हसलो, पण ते वाक्य घरी येईपर्यंत पाठ सोडीना. ज्यांनी आम्हाला शब्द तोलून वापरायला शिकवले, त्यांनीच आमच्या सेवाभावाचे असे वजन करून दाखवले होते. उचलणाऱ्याच्या मनात सेवा असते, यात शंका नाही. उचलल्या जाणाऱ्याच्या मनात त्या क्षणी काय असते, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. खुर्ची तिरकी होते, धोतर सावरता येत नाही, शेजारून विद्यार्थी नमस्कार करीत जात असतात आणि आपण मात्र गणपतीच्या मूर्तीसारखे चौघांच्या हातांवर. सभा संपली तरी उठता येत नाही, कारण ते चौघे चहाला गेलेले असतात. मध्ये लघुशंकेला जावे लागू नये म्हणून दुपारपासून पाणी प्यायचे नाही. दीड तासाच्या व्याख्यानाची ही किंमत. सरांनी ती एकदा मोजली आणि दुसऱ्यांदा नाकारली.

हे एका निवृत्त शिक्षकाचे, एका उपनगरातले दुःख आहे, असे कोणास वाटेल. म्हणून एक सर्वांना ठाऊक असलेली घटना येथे स्मरणे योग्य होईल. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईत खार येथील विवाह नोंदणी कार्यालयात एक तरुणी स्वतःच्या लग्नासाठी गेली. ती चाकाच्या खुर्चीवर, कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. आपल्याला चालता येत नाही, याची कल्पना आधी देऊनही अधिकारी खाली येण्यास तयार झाले नाहीत, असे तिने नंतर जाहीरपणे सांगितले. अखेर वधूला उचलून दोन जिने चढवावे लागले. जिना अरुंद, कठडा डळमळीत. वाटेत कोणाचा पाय घसरता तर काय झाले असते, हा तिचा प्रश्न होता. गवगवा झाला आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. ही गोष्ट चांगलीच झाली. पण विशेष विवाह कायद्यात, विवाह अधिकाऱ्याने वाजवी अंतरावरील अन्य ठिकाणी जाऊन विवाह लावण्याची सोय १९५४पासून आहे. दोन जिने उतरून अंगणात येणे हे वाजवी अंतर नव्हे, असे कोणता कायदेपंडित म्हणेल? अडचण इमारतीची होती, हे खरे; पण त्याहून मोठी अडचण खुर्चीत बसलेल्यांची होती. येथे कोणती खुर्ची अभिप्रेत आहे, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको.

लग्न ही आयुष्यातील एकदाच घडणारी गोष्ट. मात्र बँक, टपाल कार्यालय, दवाखाना, तहसील कचेरी, मुलाची शाळा, औषधाचे दुकान, नाट्यगृह यांचे काय? २०११च्या जनगणनेनुसार देशात अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार होती. देशातील एकूण संख्येपैकी चालण्याहिंडण्याचे अपंगत्व असणारे ५४ लाखांच्या घरात. यांतील सर्वच जण चाकाची खुर्ची वापरीत नाहीत, हे मान्य. पण या आकड्यांत गुडघे गेलेली आजी नाही, मांडीचे हाड मोडून तीन महिने खुर्चीवर आलेला धडधाकट इसम नाही आणि आपण स्वतः, उद्याचे, तर नाहीच नाही. शिरगणती कशीही करा. पायरी ज्याला अडते त्याची मोजदाद अद्याप कोणी केलेली नाही.

या देशात कायद्यांचा तुटवडा नाही. १९९५चा अपंग व्यक्तींविषयीचा कायदा झाला, तेव्हा त्यात इमारती, रस्ते आणि वाहने अपंगांना वापरण्याजोगी करण्याची भाषा होती. पण सोबत एक शेपूट होते. ते म्हणजे शासनाच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. सरकारी भाषेचा परिचय असणाऱ्यांना या चार शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. पुढे भारताने २००७मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारास मान्यता दिली आणि २०१६चा नवा कायदा १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला. पूर्वी सात प्रकारच्या अपंगत्वांची दखल घेतली जाई, ती एकवीस प्रकारांपर्यंत गेली. कुवतीचे शेपूट छाटले गेले. सुगमतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीस बांधकामाची परवानगी देऊ नये, पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असे कलम ४४ सांगते. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम कराव्यात, असे कलम ४५ सांगते. नियम जून २०१७मध्ये निघाले, म्हणजे मुदत जून २०२२मध्ये संपली. वाचकांनी आपल्या गावातील तहसील कचेरीची पायरी आठवून पाहावी.

त्याआधीच, ३ डिसेंबर २०१५ रोजी, केंद्र सरकारने सुगम्य भारत अभियान सुरू केले होते. कल्पना उत्तम होती आणि आहे. निवडक शहरांतील शासकीय इमारतींची तपासणी झाली, विमानतळ आणि मोठ्या रेल्वे स्थानकांवर ठळक सुधारणा झाल्या, हे नाकारणे कोतेपणाचे होईल. परंतु अभियानाच्या मुदती एकाहून अधिक वेळा पुढे ढकलाव्या लागल्या, हेही तितकेच खरे. त्याच डिसेंबरात पंतप्रधानांनी ‘अपंग’ ऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला. महाराष्ट्राने तर डिसेंबर २०२२मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागच स्थापन केला. शब्दाबाबत अपंगांमध्येच दोन मते आहेत. काहींना त्यात सन्मान वाटतो, काहींना उगाच दैवीपण चिकटवल्यासारखे वाटते. आमच्या सरांना दोन्ही शब्द चालतात. ‘‘मला काहीही म्हणा, पण आत येऊ द्या,’’ असे ते म्हणतात.

न्यायालयाचा मार्गही चोखाळून झाला. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. डिसेंबर २०१७मध्ये न्यायालयाने इमारती, स्थानके आणि बसगाड्या सुगम करण्याविषयी सविस्तर निर्देश दिले. सात वर्षांनी, ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने पुन्हा निकाल दिला आणि एक विलक्षण गोष्ट उघडी पाडली. कायदा म्हणतो, मानके बंधनकारक असतील. कायद्याखालील नियम क्रमांक १५ मात्र ज्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवतो, त्या बहुतांशी शिफारशीच्या स्वरूपाच्या. म्हणजे आईने ‘जेवलेच पाहिजे’ म्हणायचे आणि ताट वाढणाऱ्याने ‘हवे तर जेवा’ म्हणायचे. हा नियम न्यायालयाने मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान बंधनकारक मानके तीन महिन्यांत तयार करण्यास केंद्राला सांगितले. २००५मध्ये सुरू झालेल्या दाव्याला २०२४मध्ये ‘बंधनकारक म्हणजे बंधनकारक’ एवढे ठरवावे लागले.

कायद्याचे पुराण येथे पुरे. खरी मौज, खरे तर खरी शोकांतिका, जेथे कायदा ‘पाळला’ गेला आहे तेथे पाहावयास मिळते. रॅम्प नावाची वस्तू आता बहुतेक सरकारी कार्यालयांच्या दारात दिसते. तिचे गणित सोपे आहे. एक फूट चढायचे तर बारा फूट लांबीचा उतार हवा. सहा इंचाची एक पायरी, तर सहा फूट. आमच्या सभागृहाच्या चार पायऱ्या म्हणजे दोन फूट उंची, तर चोवीस फूट. दोन्ही बाजूंना धरण्यास कठडा, पृष्ठभाग खरखरीत, वर पोहोचल्यावर खुर्ची थांबवून दार उघडता येईल इतकी सपाट जागा. यात न कळण्याजोगे काय आहे? तरीही आपल्याकडे पायऱ्यांच्या कडेला दोन हात रुंदीची जी घसरगुंडी ओतली जाते, ती पाहून असे वाटते की ती माणसांसाठी नसून पिंपे चढवण्यासाठी असावी. अशा उतारावर खुर्ची स्वतः ढकलणे अशक्य. मागून ढकलणाऱ्याचाही दम निघतो आणि उतरताना खुर्चीतील माणूस पुढे तोंडावर येतो. वर चकचकीत फरशी. पावसाळ्यात ती पाहूनच अंगावर काटा यावा. एका कार्यालयात आम्ही असा रॅम्प पाहिला आहे की, जो वर जाऊन शेवटी एका पायरीला मिळतो. कंत्राटदाराचे देयक अर्थातच मंजूर झाले असणार. कारण तपासणीच्या रकान्यात ‘रॅम्प : आहे’ एवढेच लिहायचे असते.

आणि तो योग्य उताराचा असला तरी मोकळा असेलच असे नाही. त्याच्या तोंडाशी साहेबांची दुचाकी उभी असते, मध्यावर कुंड्या मांडलेल्या असतात, रात्री कोणी गाड्या चढवू नये म्हणून लावलेली साखळी दिवसाही कुलूपबंद असते. किल्ली शिपायाकडे आणि शिपाई वरच्या मजल्यावर. अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहाची कथा याहून वेगळी नाही. दारावर खुर्चीचे निळे चित्र, आत केरसुण्या, बादल्या, जुने फलक आणि मोडके पंखे. चाकाची खुर्ची साधारण सव्वादोन फूट रुंद असते. तिला आत जाण्यास तीन फुटांचे दार आणि वळण्यास पाच फुटांचे वर्तुळ लागते. दार आत उघडणारे असेल तर माणूस आत गेल्यावर ते लावताच येत नाही. ज्याने हे दार बसवले त्याने एकदा, केवळ एकदा, खुर्चीवर बसून आत जाऊन पाहिले असते, तर हा घोटाळा झाला नसता. स्त्रियांच्या बाबतीत या गैरसोयीचे रूपांतर आजारात होते. दिवसभर पाणी न पिता काढणे आणि मूत्रमार्गाचे विकार यांचा संबंध कोणताही वैद्य सांगेल. मज्जारज्जूला इजा झालेल्यांच्या बाबतीत तर हा विकार जिवावर बेतू शकतो. ‘गैरसोय’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो.

दारापर्यंत पोहोचण्याआधी रस्ता आहे. आपल्या शहरांतील पदपथ हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे; येथे त्यातला एकच तुकडा घेऊ. पदपथावर दुचाक्या चढू नयेत म्हणून मुंबईत महापालिकेने खांब रोवले. हेतू चांगला. पण दोन खांबांमधील अंतर इतके कमी की, दुचाकी अडली नाही तरी व्हीलचेअर मात्र अडली. एका खुर्चीवरील नागरिकाच्या ई-मेलची मुंबई उच्च न्यायालयाने २०२३मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेस जाब विचारला, तेव्हा कुठे हे खांब चर्चेत आले. खांबांमध्ये तीन फुटांची फट ठेवावी, यासाठी उच्च न्यायालय लागावे?

वाहनांचे चित्र संमिश्र आहे. दिल्लीची मेट्रो डिसेंबर २००२मध्ये धावू लागली, ती पहिल्या दिवसापासून लिफ्ट, रुंद फाटके आणि फलाटाच्या पातळीचे डबे घेऊन. अपंगांच्या संघटनांनी आराखड्याच्या वेळीच आग्रह धरला आणि त्यांचे ऐकले गेले, म्हणून हे झाले. मुंबईची पहिली मेट्रो २०१४मध्ये आली, तीही त्याच वळणाची. आधी विचार केला तर खर्च जाणवतही नाही. नंतर भिंती फोडताना तो डोळ्यांत भरतो. मुंबईच्या उपनगरी गाड्यांना अपंगांसाठी राखीव डबा आहे, पण फलाट आणि डबा यांच्यातील पोकळी आणि उंचीचा फरक पार करून खुर्चीसह तेथे चढणे, तेही गाडी अर्धा मिनीट थांबत असता, हे कसब सर्कशीतले आहे. जानेवारी २०१४मध्ये घाटकोपर येथे एका तरुणीने या पोकळीत दोन्ही हात गमावले, त्यानंतर फलाट उंच करण्याच्या कामाला गती आली. एसटीची लाल गाडी तर विचारूच नका. तिच्या पायऱ्या धडधाकट आजोबांनाही दोन टप्प्यांत चढाव्या लागतात. ग्रामीण महाराष्ट्रात खुर्चीवरील माणसासाठी प्रवास म्हणजे पाठुंगळी किंवा भाड्याची जीप. ज्याला ती परवडत नाही, त्याचा प्रवास घरापासून ओट्यापर्यंत.

पुण्याजवळ खडकीला पक्षाघातग्रस्त सैनिकांचे पुनर्वसन केंद्र १९७४पासून चालते. पाठीच्या कण्याला इजा होऊन ज्यांचे पाय, कित्येकांचे हातही निकामी झाले, असे जवान तेथे राहतात. कोणी तोंडात कुंचला धरून चित्रे काढतो, कोणी खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतो. सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. ‘पद्मश्री’साठी २०१८ उजाडावे लागले. हा विलंब पदकाच्या बाबतीतला. पण सीमेवर लढलेला जवान खुर्चीवरून आपल्या गावी परततो, तेव्हा त्याच्या ग्रामपंचायतीत, सहकारी बँकेत किंवा मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याला प्रवेश आहे का? पंधरा ऑगस्टला त्याचा सत्कार करायचा असतो. व्यासपीठाला पाच पायऱ्या असतात. सत्कारमूर्ती खाली आणि पाहुणे वर. शाल घालायला पाहुणेच वाकतात. छायाचित्र हृद्य येते.

कोल्हापूरच्या नसीमा हुरझूक यांना तरुणपणीच ही खुर्ची मिळाली. त्यांच्या आत्मकथनाचे नावच ‘चाकाची खुर्ची’ आहे. १९८४मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह स्थापन केलेल्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ या संस्थेने अपंग मुलामुलींसाठी वसतिगृह आणि शाळा उभी केली. शासन, समाज आणि दानशूर व्यक्ती यांची मदत त्यांनी घेतली, पण दयेची भाषा कधी चालू दिली नाही. महाराष्ट्रात अशी माणसे आहेत, म्हणून या विषयावर केवळ कपाळाला हात लावून बसण्याचे कारण नाही.

आता थोडे आपल्या घरात पाहू. शासनावर टीका करणे सोपे. या अंकाचे कित्येक वाचक कोठल्या ना कोठल्या देवस्थानाचे विश्वस्त आहेत, उत्सव मंडळांचे कार्यकर्ते आहेत, शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणीत आहेत. ही दारे सरकारची नाहीत, आपली आहेत. वारकरी परंपरेत संत कूर्मदासांची कथा आहे. पैठणच्या या भक्ताला हातपाय नव्हते. पंढरीच्या ओढीने तो पोटावर सरपटत निघाला आणि माढा तालुक्यातील लऊळपर्यंत येऊन थकला. एकादशी तर आलेली. पुढे जाणाऱ्या वारकऱ्यांबरोबर त्याने विठोबाला निरोप धाडला की, मला काही येता येत नाही. आणि देवच गाभारा सोडून लऊळला आला. तेथे कूर्मदासांची समाधी आहे आणि वारकरी ही कथा सांगताना आजही डोळे पुसतात. ज्या समाजाने अशी कथा शतकानुशतके जपली, त्याच समाजाच्या देवळात खुर्चीवरील भाविकाला महाद्वाराशी थांबवून ‘येथूनच कळसाला नमस्कार करा’ असे सांगितले जाते. कारण काय, तर खुर्चीची चाके रस्त्यावरून आलेली, ती पादत्राणांसारखीच. शुचितेचा हा आग्रह आम्ही समजू शकतो. त्यावर तोडगाही अगदी साधा आहे. मंदिराने आपल्या दोन स्वच्छ खुर्च्या आतच ठेवाव्यात आणि दाराशी खुर्ची बदलावी. काही मोठ्या देवस्थानांनी हे केले आहे. उंबरठ्यावर टाकण्यास एक लाकडी फळी लागते. ज्या देवस्थानाला कळसावर सोन्याचा पत्रा चढवणे परवडते, त्याला फळी परवडू नये?

प्राचीन वास्तूंचे सौंदर्य बिघडेल, असा एक आक्षेप घेतला जातो. जानेवारी २००१मध्ये शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग भारतात आले. मुंबईतील परिषद आटोपून ते दिल्लीस गेले आणि त्यांनी कुतुबमिनार, जंतरमंतर पाहण्याची इच्छा दर्शवली. अपंगांच्या संघटनांनी पाठपुरावा केला आणि पुरातत्त्व खात्याने तेथे लाकडी रॅम्प उभे केले. दगडाचा टवकाही न उडवता आणि काही दिवसांत. पाहुणा जगद्विख्यात होता, म्हणून ते झाले. अशक्य होते म्हणून आधी झाले नव्हते, असे मात्र यातून दिसत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. ‘‘अहो, येतात किती जण? वर्षात एखादा. त्याच्यासाठी एवढा खर्च?’’ आमच्या सभागृहात खुर्चीवरून येणाऱ्यांची संख्या आज शून्य आहे, हे खरेच. पण पूल बांधण्याआधी नदी पोहून जाणाऱ्यांची संख्या मोजून कोणी पुलाची गरज ठरवली आहे काय? बरे, पैशाचेच म्हणावे तर स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवावी, असा महाराष्ट्र शासनाचा आदेश आहे. आपल्या नगरपालिकेत ही रक्कम किती, ती कशावर खर्च झाली, हे विचारणारे नगरसेवक किती, याची चौकशी वाचकांनी अवश्य करावी. पुष्कळ ठिकाणी ती वर्षाखेरीस घाईघाईने साहित्यवाटपाच्या मेळाव्यात संपते. शंभर खुर्च्या वाटल्या जातात. त्या चालवायच्या कुठे, हे त्या मेळाव्यात कोणी विचारत नाही.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना आणि ८५ वर्षांवरील वृद्धांना घरून मतदानाची सोय प्रथमच देशभर मिळाली. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ती मोलाची आहे आणि निवडणूक आयोगाचे त्याबद्दल अभिनंदनच केले पाहिजे. पण आम्हाला येथे एक भय वाटते. घरपोच सेवा ही पायरी न तोडण्याची सबब होऊ नये. औषध घरपोच, बँक घरपोच, दर्शन दूरचित्रवाणीवर, मत घरपोच. असे करत करत माणसाला सर्व काही मिळेल, फक्त तो घराबाहेर कोणाला दिसणार नाही. मतदान केंद्राच्या रांगेत शेजाऱ्याशी राजकारणावर वाद घालीत उभे राहण्यात, म्हणजे सरांच्या बाबतीत बसण्यात, जे नागरिकत्व आहे ते टपालातून येत नाही. सरांनी त्या वेळी घरून मतदान करण्यास नकार दिला आणि नातवाला घेऊन केंद्रावर गेले. केंद्र तळमजल्यावरच्या शाळेत होते आणि तेथील रॅम्प चांगला होता, हे नोंदवणे आमचे कर्तव्य आहे.

व्याख्यानमालेचे काय झाले, असे वाचक विचारतील. समितीच्या बैठकीत आम्ही विषय काढला. आधी थोडी नाराजी झाली. ‘‘आमच्या पोरांनी एवढ्या प्रेमाने उचलले, तर त्यात चुकले काय?’’ असे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता. मग मांडववाल्याला बोलावून लाकडी रॅम्पची चौकशी झाली. चोवीस फुटांचा उतार हवा आणि सभागृहापुढचे अंगण चौदा फुटांचे. वळण देऊन करता आले असते, पण मग कट्टा आणि पाण्याची टाकी हलवावी लागली असती आणि त्याला जागेचे मालक तयार होईनात. दोन बैठका यातच गेल्या. शेवटी उचलणाऱ्या त्या चौघांपैकीच एकाने सुचवले की, शेजारच्या शाळेचा तळमजल्यावरचा वर्ग मोठा आहे, दाराला पायरी एकच आहे आणि तिला सहा फूट फळी पुरते. परंपरेतील जागा बदलण्यास तिघांचा विरोध होता. तो नोंदवून घेऊन ठराव मंजूर झाला.

गेल्या हिवाळ्यात व्याख्याने त्या वर्गात झाली. सर पहिल्या दिवशी वेळेआधी पंधरा मिनिटे हजर होते, नातू खुर्ची ढकलीत होता. खुर्च्यांच्या ओळींत त्यांना जागाच ठेवलेली नव्हती, हे ते आल्यावर आमच्या ध्यानात आले. घाईने तिसऱ्या रांगेतील दोन खुर्च्या काढल्या. दुसऱ्या दिवशी आणखी एक खुर्ची दारात आली. मागच्या आळीतील एक बाई, ज्यांना आम्ही कोणीच ओळखत नव्हतो. त्या अकरा वर्षांपासून येथे राहतात, असे कळले. सभा संपल्यावर सरांना व्याख्यान कसे वाटले, म्हणून विचारले. वक्त्याने विषय नीट बांधला नव्हता आणि दोन अवतरणे चुकीची दिली, असे त्यांचे मत पडले.